एटीपी कोणत्या खात्यात?

बारावीतील नातवाने परवा विचारले, "आजोबा, एटीपी म्हणजे कर्बोदक, मेद, प्रथिन की न्यूक्लिओटाइड?" पेशीला ऊर्जा पुरविणारा पदार्थ, आणि ऊर्जा तर धान्यातून मिळते, म्हणून मी 'कर्बोदक' म्हणालो. उत्तर चुकले. रसायनशास्त्र पदार्थाचा वर्ग त्याच्या कामावरून नव्हे, तर घडणीवरून ठरविते.

एटीपी म्हणजे ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. ॲडेनीन हा नत्रयुक्त आम्लारी, रायबोज ही पाच कार्बनांची शर्करा आणि ओळीने जोडलेले तीन फॉस्फेट, अशी त्याची घडण. आम्लारी, शर्करा व फॉस्फेट यांच्या जोडणीतून होतो तो न्यूक्लिओटाइड. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तसेच अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व मूळचे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे हा पदार्थ स्नायूंतून शोधून काढला.

पाण्याशी क्रिया होऊन शेवटचा फॉस्फेट सुटला, की पेशीला कामासाठी ऊर्जा मिळते आणि एडीपी उरतो. अन्नातील ऊर्जा खर्चून त्याला पुन्हा फॉस्फेट जोडला जातो. व्यापाऱ्याच्या भाषेत, मेद ही ठेव, तर एटीपी ही गल्ल्यातील रोकड. शरीरात एका वेळी तो फार तर १०० ग्रॅमच्या आसपास असतो. परंतु विश्रांतीतही २४ तासांत सुमारे ४० किलो एटीपी खर्ची पडतो. तेच रेणू शेकडो वेळा फिरतात. साठा अल्प, उलाढाल अफाट.

मग त्याचा वर्ग जाणून लाभ कोणता? न्यूक्लिओटाइड ही आरएनएच्या साखळीतील कडी होय. पेशी आरएनए घडवू लागते, तेव्हा एटीपीचे दोन फॉस्फेट गळून पडतात आणि उरलेला भाग त्या साखळीत 'ए' हे अक्षर होऊन बसतो. आनुवंशिकतेची वही असलेल्या डीएनएमधील 'ए' हा त्याचाच भाऊबंद. त्याच्या शर्करेत ऑक्सिजनचा एक अणू कमी, एवढाच भेद. म्हणजे गल्ल्यातील नाणे आणि वहीतील अक्षर एकाच घराण्यातील!

नातवाच्या प्रश्नाला गुण एकच होता. परंतु केवळ उपयोग पाहून वस्तूची नोंद भलत्या खात्यात केली, तर तिची खरी नाती दृष्टीस पडत नाहीत, हे मात्र त्या एका गुणाने मला शिकविले.