संकर हवा, पण गावठी राखून

साखळीच्या आठवडी बाजारात गावठी कोंबडीला आणि तिच्या अंड्याला आजही चढा भाव मिळतो. रंगीत पिसांचा कोंबडा दिसला की गिऱ्हाईक तो गावठीच मानून हात सैल सोडते. परंतु रंग ही आता गावठीपणाची खूण उरलेली नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी घडविलेल्या ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ याही रंगीतच आहेत. गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी घालते, तर ग्रामप्रिया 150 च्या वर देते. वनराजाचे वजन लवकर भरते. घरच्या बाईच्या गाठीला त्यातून चार पैसे राहत असतील, तर संकराला नाक मुरडण्याचे कारण नाही.

किंबहुना कोंबडी ही मुळातच संकराची लेक आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर करड्या रानकोंबड्याकडून आला, असे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. आपल्या सत्तरीच्या रानात पहाटे आरवतो तो हाच पक्षी.

मग चिंता कशाची? अधिक अंडी देणारी कोंबडी सहसा खुडूक होत नाही. 21 दिवस अंड्यांवर बसणे आणि घारीची सावली पडताच पिल्लांना पंखांखाली घेणे, ही विद्या गावठी कोंबडीपाशीच आहे. शिवाय संकरित कोंबड्यांची आपसांत पैदास केली, तर पुढील पिढीत अंडी घटतात आणि गुण विस्कळीत होतात. म्हणजे दर खेपेस पिल्ले विकत आणणे आले. कोणापुढेही हात न पसरता चालणारा हा घरचा धंदा अशा रीतीने परावलंबी व्हावा, हे आम्हांस मान्य होण्याजोगे नाही.

यावर उपाय अवघड नाही. वाड्यावरील काही घरांनी निवडक गावठी कोंबड्या व कोंबडा शुद्ध राखावेत. इतरांनी सुधारित जातीचा नर गावठी माद्यांत सोडावा. मात्र त्यांची पिल्ले अंड्यांसाठी व मांसासाठीच ठेवावीत, पैदाशीसाठी नव्हे. सरकारने केवळ पिल्ले वाटून मोकळे होऊ नये. मानमोडीच्या लसीची कुपी साधारणतः 100 वा अधिक मात्रांची असते आणि परसात कोंबड्या असतात दहा! तेव्हा पंचायतींनी पशुवैद्यांच्या साहाय्याने एकेका वाड्यावर एकाच दिवशी लसीकरण योजावे. गावठी कोंबडी एकदा नाहीशी झाली, तर पुढच्या संकरासाठी तिला आणावयाचे कोठून, याचा विचार आजच व्हावयास हवा.