नामभेदांत हरवलेला वारसा

डिचोलीच्या विद्यार्थ्याने नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर मंदिरावर निबंध लिहावयाचे ठरविले, तर विद्यापीठ ग्रंथालयातील संगणकीय लेखसूची उघडणे ओघानेच आले. १६६८ साली शिवछत्रपतींनी जीर्णोद्धार केलेली ही वास्तू; परंतु केवळ 'नार्वे' असे टिपून फारसे हाती लागण्याची आशा नाही. यंत्र अक्षरे ओळखते, गाव ओळखत नाही. पोर्तुगीजांच्या लेखी नार्वेचे 'नारोआ' झाले, डिचोलीचे 'बिचोलिम', पेडण्याचे 'पेर्नेम'. तांबड्या कावेचा थर कोरून पांढरा चुना उघडा करणारी आमची कावी कलाही 'स्ग्राफितो' या इटालियन नावाखाली दडलेली असू शकते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी एकाच नावावर विसंबू नये. सर्व रूपे घालून शोध घ्यावा, आणि एक चांगला लेख सापडताच त्याची संदर्भसूची बारकाईने चाळावी. १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाने गावे, देवस्थाने व कलाप्रकार यांच्या मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी रूपांची नामसूची प्रत्येक वाचकाच्या हाती द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी भिंत एकदा पाडली की मागे उरतात ते लेख आणि छायाचित्रे. तीही नामभेदापायी सापडू नयेत, हे आम्हांस शोभणारे नाही.