गाडी किती देते? आणि काय वाजवते?

जालन्यात गाडी दारात उभी राहिली की कुणी रंग बघत नाही, मॉडेल विचारत नाही. शेजारचे काका चपला सरकवत येतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि एकच प्रश्न टाकतात, ‘किती देते?’ सळई, बियाणं आणि मोसंबीचं हे गाव. इथला माणूस किलो, क्विंटल आणि टक्क्यांत विचार करतो. पुण्यात माझे मित्र गाडीच्या सनरूफबद्दल अर्धा तास बोलू शकतात. इथे सनरूफचं नाव काढलं तर लोक विचारतील, ‘ऊन काय कमी आहे का?’

शेजारच्या संभाजीनगरची गोष्ट जरा वेगळी. ते औरंगाबाद होतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये, तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. एकूण ६५ कोटींच्या! त्यातल्या एकाने तरी ‘ॲव्हरेज काय?’ विचारलं असेल का, हा मला आजही पडणारा प्रश्न आहे.

मी मात्र तीन लाखांच्या आतली गाडी शोधत होते, आणि तीही आठ दिवसांत.

झालं असं, की आईच्या गळ्याजवळच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रेडिएशनची तीस सिटिंग्ज सांगितली. सोमवार ते शुक्रवार, रोज, संभाजीनगरला. सहा आठवडे. दादा हिंजवडीत, त्याला एवढी सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. मी फ्रीलान्सर, म्हणजे लॅपटॉप ठेवीन ते ऑफिस. बॅग भरली आणि घरी आले. पहिल्या तपासणीला आईला एसटीने नेलं होतं. बदनापूर येईपर्यंत तिने माझा हात इतका घट्ट धरला, की परत येताना आम्ही मुकाट्याने गाडी केली. भाड्याच्या गाडीवाल्याने सहा आठवड्यांचा दर सांगितला, दिवसाला अडीच हजार. तीस गुणिले अडीच हजार म्हणजे पंच्याहत्तर हजार. बाबा म्हणाले, ‘एवढ्यात तर अर्धी गाडी येती.’ बाबांचं गणित थोडं नाट्यमय असतं, पण मुद्दा बरोबर होता.

मग घरात उमेदवार उभे राहिले. बाबांचा आग्रह डिझेलचा. कारण १९९८ साली इंडिका आली, ती काकांनी घेतली, आणि डिझेल म्हणजे स्वस्त हे आमच्या घराण्यात तेव्हापासून कोरलं गेलं. तेव्हा ते खरंही होतं. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पेट्रोल-डिझेलमधली ती जुनी दरी बुजत गेली. बाबांना हे तोंडी पटणार नव्हतं. म्हणून वहीचं पान फाडलं आणि बसले.

हिशोबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ आणि सीएनजी ९० रुपये किलो धरलं. (तुमच्या पंपावरचा आकडा घाला, पद्धत तीच.) वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, कारण उपचारानंतरही तपासण्या आहेत, शेतात जाणं आहे. पेट्रोल गाडी खऱ्या रस्त्यावर १८ देते असं समजलं तर वर्षाचा खर्च साधारण ५८ हजार. डिझेल २१ देते म्हटलं तर ४४ हजाराच्या आसपास. म्हणजे वर्षाला चौदा-साडेचौदा हजारांची बचत. पण त्याच वयाची, त्याच तब्येतीची डिझेल गाडी मला सत्तर हजारांनी महाग सांगत होते. म्हणजे फरक भरून निघायला पाच वर्षं! तोवर इंजेक्टरने मान टाकली तर संपलंच. बाबांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि ‘बरं’ म्हणाले. त्यांच्याकडून ‘बरं’ मिळणं म्हणजे मानपत्र.

सीएनजीचा आकडा सर्वांत देखणा होता, वर्षाला ३६ हजार. तरी तो मी सोडला. एक तर डिकीत सिलिंडर, मग बदनापूरहून मोसंबीची पोती आणायची कशात? आता दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवून डिकी मोकळी ठेवणाऱ्या नव्या गाड्या निघाल्यात, पण त्या आमच्या बजेटच्या बाहेर. दुसरं म्हणजे पंपावरची रांग. मशीनवरचा आमचा नंबर सव्वाअकराचा. तो चुकवून रांगेत उभं राहण्यात किलोमागे वाचणारे पैसे मला नको होते. रोज ऑफिसला त्याच रस्त्याने जाणाऱ्यांनी, आणि पंप वाटेवरच असणाऱ्यांनी, मात्र सीएनजीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

सेकंडहँड गाड्यांच्या दुकानातला सीन तर टोटल फिल्मी. सेल्समन इंजिनाबद्दल बाबांशी बोलणार आणि माझ्याकडे वळून विचारणार, ‘मॅडम, कलर कोणता आवडेल?’ मी म्हटलं, ‘इंजिन गार असताना स्टार्ट करून दाखवा, सर्व्हिसची बिलं दाखवा, आणि आधीच्या मालकाचं लोन फिटल्याची नोंद आरसीवर आहे का ते सांगा.’ त्यानंतर कलरचा विषय निघाला नाही. तीन गाड्या पाहिल्या. शेवटी निवड आईने केली. ती प्रत्येक गाडीच्या पुढच्या सीटवर बसली, सीट मागे पाडली, डोळे मिटले. तिसऱ्या गाडीत डोळे उघडायला तिने वेळ घेतला. पेट्रोल हॅचबॅक, २०१३ सालची, दोन लाख साठ हजार.

आता ॲव्हरेजचा खरा फंडा. शोरूमच्या कागदावर जो आकडा असतो तो खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्याचा नसतो. चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या तालात चालवतात. भारतीय ड्रायव्हिंग सायकल म्हणतात तिला. त्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. जालन्याच्या उन्हात एसी बंद! म्हणून आपला आकडा आपणच काढायचा. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर टिपायचे, चालवायचं, मग पुन्हा फुल्ल करायची. पंप तोच, नोझल आपोआप थांबलं की बस, वर ‘अजून थोडं’ करायचं नाही. झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा जरा लाडाचा असतो.

आम्हाला दोन रस्ते होते. एक जुना, बदनापूर, करमाड, शेंद्रा करत जाणारा. दुसरा समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे जून २०२५ मध्ये. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. पहिल्या आठवड्यात मी हौसेने ११० ने गेले. ॲव्हरेज आलं १६. दुसऱ्या आठवड्यात जुन्या रस्त्याने साठ-सत्तरने, एसी लावून, १९.५. जादू काही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. जाऊन-येऊन १३० किलोमीटरला आम्हाला दीडशे रुपयांचा फरक पडत होता, टोल वेगळा. आणि वाचत होती फक्त पंधरा-वीस मिनिटं. उलट आईला करमाडचा चहा आवडायचा, तो समृद्धीवर कुठून मिळणार? (पुढे तिला गिळायला त्रास व्हायला लागला तेव्हा चहा थांबला, पण गाडी तिथे पाच मिनिटं थांबायचीच.)

आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे ॲव्हरेजला सहा-सात टक्क्यांची कात्री लागू शकते. जुनी गाडी घेताना हे धरून चाला आणि रबरी पाइप मिस्त्रीला एकदा दाखवून घ्या. टायरमधली हवा मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

गाडीचं असं मार्गी लागलं आणि डोक्याला खरा शॉट दिला तो गाण्यांनी.

आईची अट होती, वाटेत बोलायचं नाही. डॉक्टरांनीच आवाजाला विश्रांती सांगितली होती. मग ऐकायचं काय? तर तिच्या भजनी मंडळाची कॅसेट. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायकांनी राजूरच्या गणपतीला जाऊन केलेली, साधी, टाळ जरा जास्तच जोरात असलेली. त्यात दोन अभंगांत पुढचा आवाज आईचा. ती कॅसेट केव्हाच गुंडाळली जाऊन मेली. पण दादाने कॉलेजात असताना ती कॉम्प्युटरवर उतरवून आपल्या आयपॉडमध्ये टाकली होती. पुढे तो कॉम्प्युटरही गेला. उरला कपाटातला आयपॉड क्लासिक. २००१ मध्ये सुरू झालेला हा खेळ ॲपलने २०२२ मध्ये बंदही करून टाकला, पण आमचा पठ्ठ्या चार्जिंगला लावल्यावर चक्क उठला!

गाडीतल्या डेकला सीडी, रेडिओ आणि यूएसबी. मी आयपॉड यूएसबीला लावला, डेकने ओळखच दाखवली नाही. जुन्या डेकना आयपॉडची भाषा यावी लागते, नाही तर ते नुसतं चार्ज करत बसतात. मग सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर आणला. तो एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर गाणं सोडतो, डेकचा रेडिओ ते पकडतो. जालन्यात एकदम क्लिअर, बदनापूरला मस्त. शेंद्रा ओलांडलं, शहरातली स्टेशनं जोर धरायला लागली आणि अभंगाच्या ऐन मध्यात कुणीतरी ओरडून फर्निचरच्या सेलची जाहिरात करायला लागलं. बाबा मागून म्हणाले, ‘देवाच्या दारात सोफा विकायलेत.’ आई हसली, आणि हसल्याने तिचा गळा दुखला.

दुसऱ्या दिवशी कार डेकोरवाल्याकडे. त्याने डेक बाहेर ओढला, मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘ताई, नवा डेक कशाला घेता? याच्या पाठीवर ऑक्स हाये की.’ लाल आणि पांढरी, दोन गोल छिद्रं. वर्षानुवर्षं कुणी वापरली नव्हती. दीडशे रुपयांची वायर, एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना, दुसऱ्याला हेडफोनची. त्याच्याच ड्रॉवरमधून आयपॉडच्या त्या रुंद पिनेचा धूळ खाल्लेला कार चार्जरही निघाला. नवा टचस्क्रीन डेक घ्यायला निघालेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, आधी जुन्याची पाठ बघा.

तरी एक विघ्न होतंच. चार्जर लावला की स्पीकरमधून कूंऽऽ असा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढणार. हा गाडीच्या अल्टरनेटरचा आवाज. प्लेयरला वीज आणि डेकला गाणं एकाच गाडीतून गेलं की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि त्यातून तो शिरतो. चार्जर काढा, आवाज बंद. किंवा वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी बसवा, अडीचशे रुपयांत शांतता. प्लेयरचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवून उरलेलं काम डेकवर सोडायचं, म्हणजे गाणं फाटत नाही.

आयपॉडचं लफडं नसेल तर तुमचं काम सोपं आहे. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, गाणी एमपी३ ठेवा आणि नावापुढे ०१, ०२ घाला. जुने डेक मोठ्या पेनड्राइव्हला घाबरतात. ऑक्स असेल पण फोनला हेडफोनचं भोक नसेल तर तीन-चारशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्समध्ये खोचा. आणि काय लावायचं ते गाडी निघण्याआधी ठरवा. स्टिअरिंग धरून फोनमध्ये गाणं शोधणाऱ्यांसाठी दंडाची पावती आहेच, ट्रक त्याच्या आधी येतो.

वायर लागल्यापासून रोज बदनापूरच्या फाट्यापासून ते अभंग सुरू व्हायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर आईचा आवाज पार बसला. हॉस्पिटलला जाताना ती स्वतःचाच तरुण आवाज डोळे मिटून ऐकायची. मी शनिवारी आयपॉड लॅपटॉपला जोडून सगळी बाजू वाजवत वाजवत उतरवून घेतली, तीन ठिकाणी ठेवली. दादाला पाठवली. त्याचा लगेच फोन आला आणि बराच वेळ तो काहीच बोलला नाही.

तीस सिटिंग्ज संपल्या. बाबांच्या वहीत ३,९०० किलोमीटर, २०५ लिटर, साडेएकवीस हजारांचं पेट्रोल. पहिली तपासणी तीन महिन्यांनी आहे.

परवा संध्याकाळी गाडी धुवत होते, तर शेजारचे काका आले. चपला सरकवत, बॉनेटवर हात ठेवत. ‘काय गं, किती देते?’ मी नळ बंद करेपर्यंत ओट्यावरून उत्तर आलं. घोगरं, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं.

‘एकोणीस. एसी लावून.’