उसना उजेड

अमूर्त चित्रावर प्रोजेक्टरचा झोत सोडला की ते 'जिवंत' होते, हा समज खोडून काढला पाहिजे. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत, खरवडीत. त्यांच्या कॅनव्हासचा उजेड त्या थरांतूनच येतो. त्यावर झोत टाकणे म्हणजे सूर्यापुढे काजवा मिरवणे. विरोध प्रकाशाला नाही. नलिनी मलानींची चित्रे अमूर्त नव्हेत. पण 'ट्रान्सग्रेशन्स'मध्ये (२००१) पारदर्शक, फिरत्या नळकांड्यांवर त्यांनी जे रंगवले, ते झोत आरपार जावा म्हणूनच. म्हसावदच्या विद्यार्थ्याला गायतोंडे बहुधा वर्गातल्या पडद्यावरच भेटणार. तो उजेड यंत्राचा, चित्राचा नव्हे, एवढे तरी शिक्षकाने सांगावे. एरवी तो उसन्या उजेडालाच चित्र समजेल.