कुत्रं ऐकत नाही, की हाक खोटी आहे?

दवनीवाड्यात घरोघरी एकच तक्रार: ‘आमचं कुत्रं बोलावलं तर येत नाही.’ मी म्हणतो, दोष कुत्र्याचा नाही. ‘यू यू’ करून बोलवायचं आणि आलं की साखळीला अडकवायचं; उशीर झाला तर वर काठी! मग ‘यू यू’ त्याला ‘हाड’सारखंच ऐकू येतं. ज्या कृतीतून समाधान मिळतं तीच प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइकने मांजरांवरच्या प्रयोगांतून १८९८ मध्येच मांडलं. माझ्या धंद्यात प्रोग्राम चुकला तर कॉम्प्युटरला बडवत नाहीत, आपलं कोड तपासतात.

हाक एकदाच मारा. आलं की दर वेळी पोळीचा तुकडा द्या. आधी अंगणात, मग गल्लीत, शेवटी लांब दोरी लावून धुऱ्यावर. बांधायचं किंवा औषध पाजायचं असेल, तर हाक न मारता आपण उठून त्याच्याकडे जा.

‘गावच्या कुत्र्याचे एवढे लाड?’ लाड कसले? रस्त्यावर ट्रॅक्टर धावतात, नागझिऱ्याचं जंगल याच जिल्ह्यात आहे आणि बिबट्या कुत्रं सोडत नाही. अशा वेळी त्याला वाचवायला आपल्याकडे एक हाकच असते. तिच्यावरचा त्याचा विश्वास आपणच मोडायचा आणि वर त्यालाच हट्टी म्हणायचं, हा कुठला न्याय?