माडीतील उष्माघात

वैशाखात अलिबाग-रेवदंड्याच्या माडांवर भंडारी जे मडके बांधतो, त्यात ठिबकलेली नीरा उन्हे चढताच फेसाळून तिची माडी होते, हे कोकणी माणसाला आणि अबकारी खात्याला सारखेच ठाऊक आहे. परंतु हा व्यवहार करणाऱ्या यीस्टच्या पेशी स्वतः ताप कसा सोसतात, हे सहसा कोणी विचारीत नाही. २५-३० अंशांत सुखाने नांदणारी ही पेशी एकाएकी ४० अंशांजवळ गेली, की नित्याची प्रथिननिर्मिती बहुतांशी तहकूब करून उष्माघात-प्रथिने तातडीने घडवू लागते. सांचेझ व लिंडक्विस्ट या संशोधकांनी १९९० मध्ये दाखविले, की आधी ३७ अंशांची ऊब मिळालेले यीस्ट ५० अंशांतही तगते. मात्र एचएसपी-१०४ हे उष्माघात-प्रथिन नसल्यास त्यातील बहुतेक पेशी मरतात. उष्णतेने विस्कटून एकमेकांत गुंतलेली प्रथिने सहकाऱ्यांच्या साहाय्याने सोडवून पुन्हा कामावर रुजू करणे, हे त्याचे काम. तर एचएसपी-७० या दुसऱ्या गोतातील एसएसबी प्रथिने शांतकाळीही रायबोसोमपाशी तैनात राहून नवजात प्रथिन-साखळीची घडी नीट बसवितात. आमच्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी हा पाठ पुस्तकातील आकृत्यांऐवजी माडीच्या मडक्यापासून आरंभावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.