काळ्या काचेची किंमत

अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर १९२९ मध्ये सॅम फॉस्टर यांनी सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला सुरुवात केली. रंगीत काचांचे चष्मे त्याआधीही होते. पण फॉस्टर यांचे गिऱ्हाईक सुट्टीवर आलेले, डोळ्यांची काही तक्रार नसलेले लोक होते. सेल्युलॉइड हे सुरुवातीच्या काळातले प्लास्टिक. त्यामुळे गॉगल हलका झाला आणि त्याचा दर सामान्यांच्या आवाक्यात आला.

पुढे काय झाले, हे ‘लाइफ’ नियतकालिकाने १९३८ मध्ये टिपून ठेवले आहे. आदल्या वर्षी अमेरिकेत दोन कोटी गॉगल विकले गेले होते. पण डोळ्यांसाठी त्यांची खरी गरज घालणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शालाच होती, असा त्याचा अंदाज होता. दशकही पुरते उलटले नव्हते, तोवर गरजेला हौसेने मागे टाकले.

या हौसेला रुबाब मिळाला तो लष्करामुळे. उंचावर वैमानिकांच्या डोळ्यांवर तिरीप येई. त्यावर उपाय म्हणून बॉश अँड लाँब कंपनीने हिरवट काचांचा चष्मा तयार केला आणि १९३७ च्या सुमारास तो ‘रे-बॅन’ या नावाने बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थर ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधील लेटे बेटावर पाण्यातून चालत उतरले, त्या गाजलेल्या छायाचित्रात त्यांच्या डोळ्यांवर गॉगलच आहे. अशी जाहिरात पैसे मोजूनही मिळत नाही.

पैसे मोजून मिळणारी जाहिरात नंतर आली. रे-बॅनचे ‘वेफेअरर’ हे मॉडेल १९५० च्या दशकातले. १९८१ पर्यंत त्याची विक्री वर्षाला १८ हजारांवर घसरली होती. पुढच्याच वर्षी कंपनीने ‘प्रॉडक्ट प्लेसमेंट’चा, म्हणजे चित्रपटांतील पात्रांच्या वापरात आपली वस्तू दिसेल अशी व्यवस्था करण्याचा, करार केला. त्यासाठी वर्षाला ५० हजार डॉलर मोजले. १९८३ च्या ‘रिस्की बिझनेस’मध्ये टॉम क्रूझने वेफेअरर घातला आणि त्या वर्षी तीन लाख ६० हजार नग खपले. काचेत कोणताही नवा शोध लागला नव्हता.

या साऱ्या प्रवासात डोळ्यांचे काय झाले? सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. वर्षानुवर्षे त्यांचा मारा होत राहिला, तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. हे किरण अडवणे आणि काच काळी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची अगदी पारदर्शक काचही ते जवळपास पूर्णपणे अडवते. उलट, निव्वळ रंगवलेल्या काळ्या काचेमागे अंधार झाल्याने बाहुली विस्फारते आणि अतिनील किरणांना आत शिरायला अधिक वाट मिळते.

म्हणून आजचे गिऱ्हाईक नेमके चुकीचे निकष लावते, असे आमचे मत आहे. ते चौकटीचा आकार, काचेचा गडदपणा आणि कोणत्या नटाने घातला ते पाहते. किमतीवरूनही खात्री देता येत नाही. महाग गॉगलच्या दरात नावाचा वाटा मोठा असतो आणि स्वस्त गॉगलही चांगला असू शकतो. दुकानात ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे अतिनील किरण अडवणारी काच, असे विचारून घ्या. शंका वाटली, तर चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर काच तपासून मागा. लहान मुलांसाठी खेळण्यातला काळा चष्मा घेताना तर हे अवश्य विचारा.